चारची उन्हं

बुधवार पेठ, पुणे
५ फेब्रुवारी १९८४

आदरणीय दामले सर,

तुम्ही हेमाताईंकडे इंदूरला गेल्यापासून शनिवार पेठेतून जाताना तुमच्या बंद खिडकीकडे मान आपोआप वर होते. खालचा वाणी विचारतो, "मास्तर परत कधी येणार?" मी सांगतो, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, जरा दम धरा.

सोबत वर्तमानपत्राचं एक कात्रण आहे. मार्केट यार्डातल्या एका भिंतीचा फोटो आहे. त्यातली बाई म्हणजे मैना. भुसार बाजारात हिंदुराव शेठच्या गाळ्यावर धान्य निवडायची. अठरा जानेवारीला तिच्या अंगावर पोत्यांची थप्पी कोसळली आणि ती गेली. शेठचं म्हणणं असं की, गाळा बंद झाल्यावर संध्याकाळी साडेसातला ती मागच्या दारानं तूर चोरायला शिरली आणि ओढाओढीत थप्पी खाली आली. त्यांच्या भैरू मुकादमानंही तसाच जबाब दिला. बाकी सगळ्यांनी कानावर हात ठेवले. मैनेची मुलगी शालू विशीची आहे, तीही तिथेच निवडायला जाते. शेठची माणसं आता तिला येता-जाता 'चोराची पोर' म्हणतात.

तर मागच्या रविवारी, बाजाराच्या सुटीच्या दिवशी, गाळ्याच्या मागच्या भिंतीवर कुणीतरी हे चित्र काढलं. ट्रक उभे राहतात त्या रस्त्यावर. माणसाच्या उंचीची मैना, हातात सूप, मागे पोती. खाली तीनच शब्द लिहिलेत : 'मैना कामावर होती.'

सत्तावीस तारखेला कामगार खात्याचे साहेब चौकशीला यायचे आहेत. ती कामावर मेली की चोरी करताना मेली, ते त्या दिवशी कागदावर चढेल आणि मग कायम तेच राहील. त्याआधी भिंतीला चुना लावून टाक, असं शेठनं मलाच सांगितलंय. त्यांचे सगळे बोर्ड मीच रंगवतो ना.

चित्र कुणी काढलं ते कळलेलं नाही. चित्र म्हणून कसं वाटतं, तेवढं कळवा.

तुमचा,
मच्छिंद्र

*

इंदूर
१० फेब्रुवारी १९८४

मच्छिंद्र,

आशीर्वाद. मोतीबिंदू काढल्यापासून मला जरुरीपेक्षा जास्त दिसतं, आणि तुझ्या दुर्दैवाने घरात भिंगही आहे.

चित्र म्हणून विचारतोस, तर हात उत्तम. सूप पाखडताना अंगठा कसा बाहेर राहतो ते बरोबर टिपलंय. पाय मात्र भिकार. टाच जमिनीला टेकलेलीच नाही. छत्तीस वर्षांच्या नोकरीत टाचा इतक्या चिकाटीने हवेत ठेवणारा एकच विद्यार्थी मला भेटला, आणि तो आता मला पत्रातून विचारतो की हे काढलं कुणी! हातच्या कंकणाला आरसा कशाला?

इथवर थट्टा. पुढचं दोनदा वाच.

पोत्यांवर उन्हाचा तिरपा पट्टा आहे आणि त्यात दाराच्या जाळीची सावली पडली आहे. पट्टा तिसऱ्या थरापर्यंत चढलाय. शाळेच्या अंगणात मी तुम्हाला दर तासाला तोच खांब आणि तीच सावली काढायला लावत असे, तेव्हा अर्धा वर्ग मला वेडा म्हणायचा. तू म्हणायचा नाहीस. ही जानेवारीतली चारची उन्हं आहेत. तुझा शेठ साडेसात म्हणतो. साडेसातला दिवा लावावा लागतो आणि दिव्याने दाराच्या जाळीची सावली पोत्यांवर पडत नाही.

न पाहिलेलं काढायचं नाही, हे मीच तुला शिकवलं. म्हणजे तू पाहिलंस. चार वाजता तू तिथे होतास.

जे मला इंदुरात बसून दिसलं, ते पुण्यात कुणाला दिसायला किती दिवस लागतील? चुना लावायचं कबूल केलं असशील तर आजारी पड. तुला पूर्वी चित्रकलेची परीक्षा आली की ताप यायचा, तसा आण.

आणखी एक. बाईच्या डाव्या अंगाला, थप्पीला लागून, एक उभी अरुंद जागा नुसती कोरी आहे. पोती तिथे एकदम थांबतात. बाकीची भिंत काठोकाठ भरलीस, मग तिथेच रंग संपला का?

पत्र वाचून जाळून टाक.

य. वि. दामले

*

बुधवार पेठ, पुणे
१५ फेब्रुवारी १९८४

आदरणीय सर,

पत्र जाळायला घेतलं, पण तुमचं अक्षर चुलीत घालायला हात धजेना. आनंदीच्या तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलंय.

हो, मीच काढलं. भरदिवसा काढलं. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "शेठचं काम का?" मी म्हणालो, हो. खांद्यावर शिडी आणि हातात डबे असले की पुण्यात माणूस कुठेही जाऊ शकतो, कुणी हटकत नाही. दुपारी सांडलेलं धान्य वेचायला बाया आल्या. त्या उभ्या राहून बघत होत्या. शालूनं मला तांब्याभर पाणी आणून दिलं. म्हणाली, "दादा, नाक आईचंच काढलंय." त्या दिवसापासून ती मला दादा म्हणते. सर, मला ते ऐकवत नाही.

कोऱ्या जागेचं विचारलंत. अंदाज चुकला, एवढंच.

इकडे भलतंच झालंय. पहारेकऱ्यानं नोकरीच्या भीतीनं आणि बायांनी आपणहून, कुणाला पाहिलंच नाही असं सांगितलं, आणि शेठच्या दिवाणजीला कुणीतरी म्हणालं की असलं काम श्रीनिवासचं असणार. श्रीनिवास म्हणजे आमच्या गल्लीतलाच, सिनेमाचे फलक रंगवायचा तो. परवा शेठची चार माणसं आली, त्यांनी त्याचे डबे रस्त्यावर ओतले. तक्रार केली म्हणून त्याला दिवसभर चौकीवर बसवून ठेवलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय! माझा हात श्रीनिवास ओळखतो. पंधरा वर्षं आम्ही शेजारी बसून रंग कालवलाय. पण तो चौकीत एक शब्द बोलला नाही. सुटून आल्यावर माझ्या दारात उभा राहिला, मला नीट बघितलं आणि म्हणाला, "टाचा शिक की रे जरा." आणि गेला.

काल दिवाणजी आले होते. "चुना कधी?" म्हणाले. बोलता बोलता माझे ब्रश एकेक उचलून बघत होते. आनंदीनं आतून चहा आणून कप त्यांच्या हातातच दिला, तेव्हा ब्रश खाली ठेवले. आमची ही खोली शेठच्या मेहुण्याची आहे, हे तुम्हाला माहीतच आहे.

तुम्ही म्हणाल, पाहिलंस तर साक्ष दे. पण चित्र काढलंच ना, सर? सगळं त्यात आहे. ज्याला डोळे आहेत त्यानं बघावं.

मच्छिंद्र

*

इंदूर
१९ फेब्रुवारी १९८४

मच्छिंद्र,

"अंदाज चुकला, एवढंच." हे वाक्य मी हेमाला वाचून दाखवलं. ती तुला ओळखत नाही, तरी म्हणाली, "बाबा, हा माणूस खोटं बोलतोय."

भिंतीवर हात घालण्याआधी तू सुतानं चौकटी आखतोस. पंचवीस फुटी बोर्डावर तुझं शेवटचं अक्षर कधी काठाला चिकटल्याचं मी पाहिलेलं नाही. तुझा अंदाज चुकत नाही. ती जागा तू आखून मोकळी सोडलीस.

आणि "सगळं त्यात आहे" म्हणतोस, ते तर आणखी वाईट. चौकशीच्या टेबलावर भिंत उचलून नेता येत नाही. साहेबांनी विचारलं, हे कुणी पाहिलं, तर मैना भिंतीवरून उतरून सांगणार आहे का? सांगायला माणूस लागतो. इतकं तुला कळतं. तरी तू भिंतीआड उभा आहेस. भित्रा तू नव्हेस. भित्र्याने भरदुपारी शिडी लावली नसती. मग तुला कशाची भीती वाटते? शेठची नाही. खोलीचीही नाही, आनंदी तुझ्याबरोबर फुटपाथवर संसार मांडेल.

मला राग आला आहे आणि काळजीही वाटते. या दोन्ही गोष्टी मी वर्गात कधी कबूल केल्या नव्हत्या.

तिथे काय होतं, मच्छिंद्र? काय काढायला तुझा हात धजला नाही?

उलट टपाली उत्तर पाठव.

य. वि. दामले

*

बुधवार पेठ, पुणे
२४ फेब्रुवारी १९८४

आदरणीय सर,

तिथे शिडी होती. माझी शिडी.

हे मी अजून आनंदीलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला लिहून झालं की तिला सांगणार आहे.

अठरा तारखेला शेठनं मला गाळ्याच्या आतल्या भिंतीवर, वरच्या अंगाला, पेढीचं नाव आणि लक्ष्मी काढायला बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी पेढीची पूजा होती. त्या भिंतीला लागून तुरीची उंच थप्पी. शिडी उभी करायला जागाच नव्हती. मी म्हणालो, थप्पी सरकवा, नाहीतर काम व्हायचं नाही. भैरू मुकादम म्हणाला, "पेंटर, वरनं सगळी उतरवून पुन्यांदा रचावी लागंल. दीड तास जाईल." शेठ म्हणाले, "उतरवत बसायला येळ न्हाई. कोपऱ्यातली खालची दोन पोती काढा. शिडी घुसली की झालं."

भैरूनं माझ्याकडे बघितलं. सर, तो शेठकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मी नको म्हणालो असतो तर तो थांबला असता. मला संध्याकाळी दुसरीकडे काम होतं. मी म्हणालो, "काढा."

शिडी त्या फटीत घट्ट बसली. तीन तास मी वर उभा राहून लक्ष्मी रंगवली. मैना खाली, थप्पीच्या पायाशी, तूर निवडत बसली होती. मध्ये एकदा म्हणाली, "लक्ष्मीचं डोळं जरा हासरं काढा, पेंटर, लई रागानं बघती." मी हसरे केले. चारला काम संपलं. हमाल बाहेर ट्रकवर होते. मैना सूप घेऊन उठून उभी राहिली होती, चित्रात आहे तशीच. मी खाली उतरलो आणि शिडी ओढली.

मी तिला बाजूला हो म्हणालो नाही. माझं लक्ष ब्रश धुण्याकडे होतं.

थप्पीला तेवढाच आधार उरला होता, माझ्या शिडीचा. थप्पी कोसळली आणि मैना जागच्या जागी गेली. मी आणि भैरूनं पोती उपसली, तिची नाडी मी पाहिली. शेठनं शटर ओढलं आणि माझ्या हाताला धरून मला मागच्या दारापाशी नेलं. म्हणाले, "तू आज आलाच न्हवतास. चित्र कालच झालं. ही गोष्ट माज्यावर आली तर तुज्यावर बी येती, ध्यानात ठेव." साडेसातची वेळ त्यांनी स्वतःसाठी बनवली, पण तिच्यात माझीही सोय होती. मी मुकाट्यानं घरी आलो आणि जेवलो. जेवलो, सर.

तिला चोर म्हणताहेत हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून झोप नाही. म्हणून ते चित्र. सगळं काढलं, जाळीच्या सावलीसकट, आणि शिडीपाशी आल्यावर ब्रश खाली ठेवला.

सोमवारी चौकशी आहे. मी बोललो तर मैनेवरचा डाग जाईल, पण शालूला कळेल की मी कोण. तुरुंगाची भीती मी पचवली असती. तिच्या हातचं पाणी पचत नाही.

तुमचं उत्तर सोमवारच्या आत पोचणार नाही, हे माहीत आहे. त्यामुळे विचारत नाही. फक्त सांगतोय.

मच्छिंद्र

*

मुक्काम श्रीनिवासकडे, बुधवार पेठ
३ मार्च १९८४

आदरणीय सर,

वरचा पत्ता पाहून समजला असालच. खोली गेली. आम्ही श्रीनिवासच्या पोटमाळ्यावर आहोत. तुमची तार सोमवारनंतर मिळाली. 'तुझ्या बाजूने आहे' एवढंच होतं तिच्यात. आनंदीनं ती देवापाशी ठेवली आहे.

रविवारी मी शिडी आणि डबे घेऊन भिंतीपाशी गेलो. चुना लावायला आलोय असं समजून खुद्द शेठ खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या दिवशी साहेब येणार, काम डोळ्यांदेखत झालेलं बरं, म्हणाले. मी कोऱ्या जागेत शिडी काढायला घेतली. पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत त्यांना कळलं नाही. मग शिडी ओढणारे दोन हात काढले. मग खाली लिहिलं : 'शिडी माझी होती. दुपारी चार वाजता मी ओढली. मच्छिंद्र पेंटर.'

शेठ ताडकन उठले. "पेंटर, डोकं ठिकानावर हाय का? मी तुला वाचीवला व्हता!"

मी म्हणालो, "त्याचंच ओझं झालंय, शेठ."

त्यांनी माणसांना हाका मारल्या. चुन्याची बादली माझीच होती, ती उचलून दोघं भिंतीकडे निघाले. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात भैरू आला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला. तंबाखू मळत बसला. मग यार्डात सुटीला थांबलेले हमाल एकेक करत त्याच्या शेजारी येऊन बसले. वीसेक तरी असतील. शेठ बराच वेळ ओरडत होते. त्या माणसांच्या अंगावर चुना ओतायची कुणाची छाती झाली नाही. सकाळपर्यंत ते पाळीपाळीनं बसून राहिले.

साहेब आधी भिंतीपाशीच आले. सावकाश वाचलं आणि विचारलं, "मच्छिंद्र पेंटर कोण?" मी पुढे झालो. माझ्यापाठोपाठ भैरूनं जबाब बदलला. खालची पोती कुणी काढायला लावली, शटर कुणी ओढलं, सगळं सांगितलं. संध्याकाळी निकाल वाचला गेला : दुपारी चारच्या सुमारास, कामावर असताना. शालू मागे भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "सायेब, अजून एकदा वाचा." साहेबांनी पुन्हा वाचलं.

शेठवर खटला होणार आहे. निष्काळजीपणाबद्दल माझ्यावरही. ते रास्तच आहे.

पण मला लिहायचंय ते पुढचं. लोक पांगल्यावर शालू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. म्हणाली, "आई चोर न्हवती, ह्ये तुमच्यामुळं लिवलं गेलं. आन् आई गेली ती बी तुमच्यामुळंच. त्या दिशी मी पानी दिलं, तवा बी तुमी गप ऱ्हायलात. आता तुमाला मी काय म्हनू?"

 एवढं बोलून ती निघून गेली. आता मला यार्डात दुसऱ्या आडत्याचं बोर्डाचं काम मिळालंय. पुढच्या फाटकापाशी ती बायांबरोबर बसलेली असते. मी मागच्या रस्त्यानं आत शिरतो.

सर, मी तिला काय उत्तर द्यायला हवं होतं?

मच्छिंद्र

*

इंदूर
८ मार्च १९८४

मच्छिंद्र,

तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. नोकरीत असतो तर "उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून नेली असती.

त्याऐवजी एक जुनी गोष्ट सांगतो. ती मी हेमालाही सांगितलेली नाही. छप्पन्न साली आमच्या शाळेच्या कुंपणभिंतीवर मुलांनी एका पुढाऱ्याचं व्यंगचित्र काढलं. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मुख्याध्यापकांनी मला उभं केलं आणि विचारलं, "हा हात कुणाचा?" मी रेष ओळखली. बाळ नावाचा मुलगा, अकरावीतला, माझ्या सगळ्या वर्गांत सर्वांत चांगला. मी नाव सांगितलं. मला वाटलं, मी खरं बोललो. आठवड्याने त्याला शाळेतून काढलं. वडिलांनी त्याला एका गिरणीत चिकटवलं आणि त्याने पुन्हा पेन्सिल हातात धरली नाही, असं मी ऐकलं.

नंतर तो मला दोनदा लक्ष्मी रोडवर दिसला. पहिल्यांदा मी समोरच्या फुटपाथवर गेलो. दुसऱ्यांदा छत्री उघडली, आणि पाऊस नव्हता. त्याला काय म्हणायचं ते मनाशी ठरलं की भेटू, असं मी ठरवलं होतं. ते ठरेपर्यंत तो वारला. अठ्ठावीस वर्षं मी ते वाक्य जुळवतो आहे, अजून जुळलेलं नाही.

तुझ्याकडे माझ्यापेक्षा जास्त धैर्य आहे, हे मी भिंतीचा दुसरा फोटो न पाहताच सांगतो. पण एक काम राहिलं आहे. तुला काय म्हणायचं ते शालू ठरवील. दादा म्हणेल, शिवी देईल, किंवा आयुष्यभर बोलणार नाही. तो तिचा हक्क आहे आणि तो बजावायला तू तिला समोर दिसायला हवास.

उत्तर शोधत बसू नकोस. उद्या पुढच्या फाटकाने जा.

य. वि. दामले